रक्तातील साखरेचा रिपोर्ट कसा वाचावा आणि मधुमेहाची चाहूल कशी ओळखावी

नाशिकमधील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत रक्त काढण्याच्या टेबलाशी माझी अनेक वर्षे गेली आहेत. सकाळी सातपासून तिथे जी माणसे येतात त्यांत गंगापूर रोडवर फेरफटका मारून थेट आलेले निवृत्त लोक असतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून आलेले कामगार असतात आणि निफाड-दिंडोरीकडून पहिल्या एसटीने आलेले शेतकरीही असतात. दुपारी रिपोर्ट हाती आला की बहुतेकांची नजर एकच गोष्ट शोधते, ती म्हणजे आकडा ठळक छापला आहे का. ठळक नसला की रिपोर्टची घडी पिशवीत जाते, आणि थोडासाच वाढलेला असला तर ‘बॉर्डरवर आहे’ असे म्हणून तोही पिशवीतच जातो. मला या दुसऱ्या रिपोर्टची अधिक काळजी वाटते, कारण बॉर्डरवरचा काळ हाच थोड्या प्रयत्नाने पुष्कळ काही साधण्याचा काळ असतो. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु आपल्या रिपोर्टवरचा आकडा कोठून आला हे ज्याला कळते, तो डॉक्टरांसमोर नेमके बोलू शकतो आणि नेमके विचारूही शकतो.

आधी ‘उपाशीपोटी’ म्हणजे काय ते नक्की करावे

एका संकष्टीला सकाळी एक मावशी आल्या. उपाशी आहात ना, असे विचारल्यावर त्या अगदी विश्वासाने म्हणाल्या, “हो ताई, कडक उपास आहे. फक्त वाटीभर खिचडी आणि चहा घेतला.” त्यांचे काहीच चुकले नव्हते. आपल्या भाषेत उपास आणि उपाशी हे शब्द शेजारी राहतात, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्यामुळे त्या दिवशी घेतलेल्या रक्ताला उपाशीपोटीचे रक्त म्हणता आले नसते. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले.

तपासणीसाठी उपाशी असणे म्हणजे किमान आठ तास साध्या पाण्याखेरीज काहीही पोटात न जाणे. चहा बिनसाखरेचा असला तरी चालत नाही. लिंबूपाणी, दूध, काढा आणि तंबाखूही नको. रात्री नऊला जेवून सकाळी सात-आठ वाजता रक्त देणे सर्वांत सोयीचे पडते. बारा तासांहून फार जास्त ताणण्यात काही फायदा नाही. रात्रपाळीच्या कामगारांनी पहाटे तीनचा चहा आणि बिस्कीट आठवून मगच उपाशी असल्याचे सांगावे. त्यांना सुट्टीच्या दिवशी, नीट झोप झाल्यावर येणे जमले तर ते अधिक चांगले.

आकडा चांगला यावा म्हणून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी भात आणि गोड बंद करणारे लोक बरेच असतात. त्यामुळे रिपोर्ट बोलतो तो त्या तीन दिवसांबद्दल. आपल्या नेहमीच्या आयुष्याबद्दल तो काहीच सांगत नाही. रोजचे जेवण रोजच्यासारखेच घ्यावे. ताप, मोठा संसर्ग किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांच्या ताणाने साखर तात्पुरती चढते, म्हणून तातडीची गरज नसल्यास बरे वाटल्यावर तपासणी करावी. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतले असेल तर ते आवर्जून सांगावे. सांधेदुखीसाठी कोणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही सांगावे, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. चालू असलेली औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

नळीकडेही लक्ष असू द्यावे

ही गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे थांबून सांगते. शरीराबाहेर काढलेले रक्त नळीतही जिवंतच असते. त्यातील पेशी साखर खात राहतात आणि साध्या नळीत, सामान्य तापमानाला, साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. हे रोखण्यासाठी साखरेचे रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात फ्लोराइड असते. आणि तीन महिन्यांच्या सरासरीचे, म्हणजे एचबीएवनसीचे (रिपोर्टवर HbA1c) रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. गावातल्या एका शिबिरात साध्या नळ्यांत घेतलेले रक्त तीन तास खोक्यात पडून राहिले होते. तिथे एका द्राक्षबागायतदारांची उपाशीपोटीची साखर १०४ आली, ते निश्चिंत झाले. पण तहान कमी होईना म्हणून आठवड्याने प्रयोगशाळेत आले तेव्हा ती १३१ भरली. रक्त कोणत्या नळीत घेतले आणि ते किती वेळात प्रयोगशाळेत पोहोचणार आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आकड्यांचा अर्थ

पुढील सर्व आकडे शिरेतून घेतलेल्या रक्ताचे, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. आखातातून किंवा इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकांच्या रिपोर्टवर ५.६ किंवा ७ असे छोटे आकडे दिसतात; ते माप वेगळे असते आणि त्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो, म्हणजे तिकडचे ७ हे इकडचे १२६.

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर ती सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेहाच्या कक्षेत मानतात. एका प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर सामान्य मर्यादा १०० तर दुसरीच्या रिपोर्टवर ११० छापलेली पाहून लोक गोंधळतात. यात छपाईची चूक नसते. अमेरिकी मधुमेह संघटना मधुमेहपूर्व अवस्था १०० पासून मोजते आणि जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. १२६ ची रेषा मात्र दोघांचीही एकच आहे. माझे मत विचाराल तर घरात आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल किंवा कंबर सुटलेली असेल, तर १०० हीच आपली रेषा समजावी.

जेवणानंतरच्या साखरेबाबत सर्वांत जास्त घोळ होतो. ‘दोन तासांनी या’ असे सांगितल्यावर लोक जेवण संपल्यापासून दोन तास मोजतात, वास्तविक ते पहिल्या घासापासून मोजायचे असतात. शिवाय, रक्त द्यायचे आहे म्हणून कोणी अर्धीच भाकरी खातो, तर कोणी वाटेत थांबून तर्रीदार मिसळ आणि चार पाव खाऊन येतो. मग दोघांच्या आकड्यांची तुलना कशी करणार? म्हणून निदानासाठी मापलेली चाचणी असते. तिच्यात उपाशीपोटी रक्त घेऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. मधल्या वेळात चालायचे नाही, काही खायचे नाही आणि धूम्रपान करायचे नाही. दुसरा आकडा १४० च्या आत असेल तर सामान्य, १४० ते १९९ असेल तर साखर पचवण्याची क्षमता कमी झालेली आणि २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह, हे निकष या चाचणीसाठी आहेत. घरच्या जेवणानंतरचा आकडा दिशा दाखवतो, पण त्यावरून शिक्का मारू नये.

कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात साखर २०० किंवा अधिक असेल आणि सोबत तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणेही असतील, तर तेवढ्यावरून निदान होऊ शकते.

एचबीएवनसी ही तपासणी वेगळ्या जातीची आहे. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण चार महिन्यांचे असते आणि तेवढा काळ तिच्यातल्या हिमोग्लोबिनला रक्तातील साखर थोडी थोडी चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. आदल्या रात्रीच्या पुरणपोळीने तो बिघडत नाही आणि दोन दिवसांच्या पथ्याने सुधारतही नाही. ५.७ च्या आत सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व आणि ६.५ पासून मधुमेह, असे त्याचे टप्पे आहेत. या टक्केवारीचे रोजच्या सरासरी साखरेत रूपांतर केले तर ६ म्हणजे सुमारे १२६, ७ म्हणजे १५४ आणि ८ म्हणजे १८३ होते.

परंतु हा हिशेब तांबड्या पेशींवर उभा असल्यामुळे पेशीच बिघडलेल्या असतील तर तो चुकतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालेल्या व्यक्तीत हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे स्त्रियांमध्ये हे दुखणे किती सर्रास आहे हे निराळे सांगायला नको. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल तर तो फसवा ठरतो. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो, म्हणून त्या भागातील रुग्णांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. एचबीएवनसी ६.६ आणि हिमोग्लोबिन ८.५ असलेल्या बाईंची उपाशीपोटीची साखर ९८ असेल, तर या तीन आकड्यांत कोठेतरी विसंगती आहे. अशा वेळी डॉक्टरांना ते तिन्ही एकत्र दाखवावेत.

तीन आकडे एकत्र वाचावेत

समजा, एका रिपोर्टवर उपाशीपोटी ११८, ग्लुकोजनंतर १७२ आणि एचबीएवनसी ६.३ आहे. तिन्ही आकडे मधल्या पट्टीत बसतात आणि एकमेकांना दुजोरा देतात. ही मधुमेहपूर्व अवस्था आहे. दुसऱ्या रिपोर्टवर उपाशीपोटी ९६, पण ग्लुकोजनंतर १८८ आहे. केवळ पहिला आकडा पाहणारा म्हणेल की सारे ठीक आहे, वस्तुतः या माणसाचे शरीर साखरेचा भार आल्यावर अडखळते आहे. म्हणून धोका असलेल्या माणसाने निव्वळ उपाशीपोटीच्या तपासणीवर समाधान मानू नये, असे मी नेहमी सांगते.

लक्षणे नसतील तर एकाच वाढलेल्या आकड्यावरून मधुमेह ठरवत नाहीत. एकाच वेळी केलेल्या दोन वेगवेगळ्या तपासण्या, उदाहरणार्थ उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, दोन्ही मधुमेहाच्या रेषेपलीकडे असाव्या लागतात, नाहीतर वाढलेली तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी लागते. १२८ आकडा पाहून रात्रभर न झोपलेल्या माणसाला हे माहीत असते तर त्याने ती रात्र शांतपणे काढली असती आणि सकाळी उठून फेरतपासणीला गेला असता.

शरीर देत असलेल्या खुणा

दुसऱ्या प्रकारचा (टाइप २), म्हणजे मोठ्यांत सर्रास आढळणारा मधुमेह वर्षानुवर्षे काहीही न दाखवता राहू शकतो, म्हणून ‘मला काहीच होत नाही’ हा तपासणी टाळण्याचा आधार होऊ शकत नाही. याचे एक कारण मूत्रपिंडात आहे. रक्तातील साखर साधारण १८० च्या पुढे गेल्यावर ती लघवीत उतरू लागते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. तेव्हा कुठे रात्री तीन-चारदा उठावे लागते, घशाला कोरड पडते आणि तांब्या उशाशी ठेवावा लागतो. लघवीला मुंग्या लागतात का हे पाहत बसणारे लोक मधुमेहाची रेषा ओलांडल्यावर खूप उशिरा जागे होतात, कारण १३० किंवा १५० ला मुंग्या येणारच नाहीत.

साखर रक्तात असूनही पेशींना वापरता येत नाही, त्यामुळे भूक वाढते, अंग गळून जाते आणि नीट खाऊनही वजन उतरते. उन्हाळ्यात तहान सर्वांनाच लागते आणि द्राक्षांच्या हंगामात थकवाही प्रत्येक बागायतदाराला येतो. परंतु हंगाम सरला, ऊन उतरले आणि तरीही पॅन्टचा पट्टा एक भोक आत जात असेल तर तपासणी करावी.

काही खुणा त्याहून आधी दिसतात. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत त्वचा काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी होते. आया मुलांची मान मळ समजून दगडाने घासतात, पण तो मळ नसतो. साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. गुप्तांगाला वारंवार खाज सुटणे किंवा बुरशीचा संसर्ग होणे, हिरड्या सुजणे, गळवे पुन्हापुन्हा येणे, लहानशी जखम आठवडे चिघळणे, नजर मधूनमधून धूसर होणे, ही लक्षणे लोक वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवत राहतात आणि साखर कोणीच तपासत नाही. तळपायाला मुंग्या येणे, आग होणे, किंवा पायातून चप्पल निसटली तरी न कळणे ही खूण मात्र पुढची आहे. ती दिसल्यास एक दिवसही लावू नये.

मुलांबाबत वेगळे सांगावे लागेल. पहिल्या प्रकारचा मधुमेह काही आठवड्यांत उसळतो. अंथरूण ओले करणे सोडून दिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, सतत पाणी मागू लागले, हडकू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास किंवा गुंगी यांची भर पडली तर ती आणीबाणी आहे. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तपासणी कोणी करावी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचा अंदाज आला. म्हणजे बॉर्डरवरची माणसे पलीकडच्यांपेक्षा अधिक आहेत. तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची साखर शासकीय आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली विनामूल्य तपासली जाते. त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय आणि महापालिकेची रुग्णालये तर शहरातच आहेत.

घरच्या घरी धोका मोजण्यासाठी चेन्नईत तयार झालेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपद्धती फार उपयोगी आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा अधिक असेल तर ३०. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बैठे काम आणि व्यायामही नाही, तर ३०. कष्टाचे काम किंवा नियमित व्यायाम यांपैकी एकच असेल तर २०. पुरुषांची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १० आणि १०० पासून पुढे २०; स्त्रियांसाठी हेच आकडे ८० ते ८९ आणि ९० पासून पुढे. बेरीज ६० किंवा अधिक झाली की धोका मोठा. कंबर मात्र टेपने, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजावी. पॅन्टचा नंबर ही कंबर नव्हे. ती पोटाखाली सरकवून घालता येते.

‘मी तर सडपातळ आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगावेसे वाटते. दिसायला बारीक असलेल्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे त्यांनी मोजून दाखवले. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट ही आपल्याकडची ओळखीची ठेवण त्यातलीच.

गर्भवतींची तपासणी पहिल्याच भेटीत आणि सामान्य आल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करतात. शासकीय पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज जेवलेले असो वा नसो पाजतात आणि दोन तासांनी आकडा १४० किंवा अधिक आला तर उपचार सुरू होतात. इथे १४० ची रेषा आहे, २०० ची नव्हे, हे घरातल्यांनीही समजून घ्यावे.

घरच्या ग्लुकोमीटरचा वापर

बोटाच्या थेंबावर चालणारे यंत्र उपचार चालू असताना लक्ष ठेवण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. चांगल्या यंत्रातही प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो, म्हणजे खरी साखर १२० असताना ते १०२ किंवा १३८ दाखवू शकते. नाशिककरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. द्राक्षे सोलून किंवा घड हाताळून झाल्यावर तसेच बोट टोचले तर बोटावरचा रस थेंबात मिसळतो आणि आकडा भलताच वर जातो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे पुरत नाही; हात नळाखाली धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी, पावसाळ्याच्या दमट हवेत तर नक्कीच, आणि मुदत उलटलेली पट्टी वापरू नये.

आकडा हाती आल्यावर

मधुमेहपूर्व अवस्था असेल तर वजनाच्या ५ ते ७ टक्के घट, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते साडेपाच किलो, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे यांपासून सुरुवात करावी. अशा लोकांवर भारतात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाकडे जाण्याची शक्यता तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटली. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे चालणाऱ्यांत मी माझ्याच टेबलावरचे कितीतरी चेहरे पाहते आणि मला मनापासून आनंद होतो. पुढची तपासणी वर्षाच्या आत करावी.

मधुमेह निश्चित झाला तर त्याच महिन्यात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन, तसेच कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची संवेदना पाहून घ्यावी; रोग कधी सुरू झाला हे माहीत नसल्याने अवयवांची स्थिती पहिल्याच दिवशी नोंदवलेली बरी. साखर ३०० च्या पुढे आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालयात जावे. औषध घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली येऊन घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला आणि त्याला गिळता येत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे.

डॉक्टरांकडे जाताना नुसता नवा रिपोर्ट नेऊ नये. जुने सारे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावावेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने चार गोष्टी लिहाव्यात: शेवटचे जेवण किती वाजता झाले, रक्त किती वाजता दिले, त्या आठवड्यात ताप किंवा नवे औषध होते का, आणि त्या दिवशीचे वजन.